स्वखुशीचा युक्तिवाद

जानेवारी २०२६च्या पहिल्या दोन दिवसांत झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी समाजमाध्यमावर आपल्या व्यवसायाची जी कैफियत मांडली, ती एका उद्योजकाची बाजू म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कारण ती आकड्यांनिशी मांडलेली आहे, तिच्यात काही अंश खराही आहे, आणि ज्या सुशिक्षित वर्गाच्या दारी हा माल येऊन पोहोचतो त्या वर्गाला ती मनापासून पटलेली दिसते. आदल्या ३१ डिसेंबरला घरपोच माल पोहोचविणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली होती, आणि रास्त मोबदला, सामाजिक सुरक्षा व दहा मिनिटांत माल पोहोचविण्याच्या पद्धतीचा त्याग अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांना उत्तर म्हणून गोयल यांनी सांगितले ते असे: त्या एका दिवसात झोमॅटो आणि ब्लिंकिट यांच्या साडेचार लाखांहून अधिक डिलिव्हरी करणाऱ्यांनी ७५ लाखांवर ऑर्डरी पोहोचविल्या, संपाचा काही परिणाम झाला नाही, मूठभर उपद्रवी मंडळींना पोलिसांच्या साहाय्याने आवरण्यात आले, आणि ही व्यवस्था मुळातच अन्याय्य असती तर इतक्या माणसांना तिने सातत्याने आकर्षित केले नसते व टिकवूनही ठेवले नसते. कोणी कोणाच्या मानेवर सुरी ठेवलेली नाही, जो येतो तो स्वखुशीने येतो, तेव्हा तक्रारीला जागाच कोठे उरते, असा या साऱ्याचा मथितार्थ आहे, आणि प्रस्तुत लेखाचा रोख त्याच मथितार्थावर आहे.

माणसे येतात म्हणून व्यवस्था न्याय्य आहे, हा सिद्धांत ग्राह्य धरला तर एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्यांइतकी न्याय्य व्यवस्था हिंदुस्थानात दुसरी नव्हती असेच म्हणावे लागेल. कोकणपट्टीतून आणि घाटावरून माणसांचे लोंढे त्या गिरण्यांकडे येत होते, एका गाळ्यात दहा-बारा जण राहत होते, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत खपत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारावर हजर होत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनकडे धाडले, त्यात मागितले होते ते काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर अपघात झाल्यास भरपाई. यांतील एकही गोष्ट नसताना हजारो हात तेथे राबत होते, आणि ते स्वखुशीने आले होते यात शंका नाही. माणूस एखाद्या ठिकाणी किती संख्येने येतो यावरून तो जेथून निघाला तेथली दशा कळते, जेथे पोहोचला तेथला न्याय कळत नाही. दुष्काळात उधळलेल्या शेतकऱ्याला गिरणी हवीशी वाटली. आज पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेल्या मुलाला पाठीवरची ती चौकोनी पिशवी हवीशी वाटते.

हा झाला आकर्षणाचा भाग. टिकवून ठेवण्याचा भाग तर गोयल यांच्याच तोंडच्या आकड्यांपुढे टिकत नाही. त्याच जानेवारीत एका प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी सांगितले की दरमहा दीड ते दोन लाख माणसे हे काम आपणहून सोडून जातात आणि जवळजवळ तितकीच नव्याने भरली जातात. शिवाय सुमारे पाच हजारांना कंपनी स्वतःच काढून टाकते. ज्या आस्थापनेतून महिन्याला दीड-दोन लाख माणसे उठून जातात, तिच्याविषयी ती माणसांना टिकवून धरते असे प्रतिपादन करायला मोठे धैर्य लागते. येथे एका दारातून आत येणारी रांग आणि दुसऱ्या दारातून बाहेर जाणारी रांग अशा दोन रांगा अहोरात्र चालू आहेत. संपाच्या दिवशी पहिल्या रांगेकडे बोट दाखवावे आणि दुसरीविषयी मुलाखतीत निर्विकारपणे माहिती द्यावी, हा प्रकार तर्कशास्त्रात बसणारा नाही. वर्षअखेरच्या रात्री दर नेहमीपेक्षा चढे असतात हे कंपनीही नाकारीत नाही. त्या रात्री जो कामावर आला त्याने उरलेल्या ३६४ दिवसांच्या दराला कौल दिला, असे मानण्याचे काही कारण दिसत नाही.

आता त्या कैफियतीतील सर्वांत बोलक्या आकड्याकडे वळू. २०२५ साली झोमॅटोवर काम करणाऱ्याने सरासरीने वर्षातून ३८ दिवस काम केले, कामाच्या दिवशी सरासरी सात तास केले, आणि २५० दिवसांहून अधिक काम करणारे फक्त २.३ टक्के होते, असे गोयल सांगतात. यावरून त्यांनी काढलेले अनुमान असे की हे काम म्हणजे फावल्या वेळची जोडकमाई आहे, त्याला पूर्णवेळ नोकरीचे नियम लावणे गैर ठरेल. आकडा खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो खराच असणार. परंतु सरासरी हे असे साधन आहे की ज्याच्या हाती ते असते त्याच्या सोयीचा मजकूर ते लिहून देते. कल्पना करा की शंभर जणांची नावे वर्षाच्या नोंदवहीत आहेत. त्यांपैकी ८० जण दहा-दहा दिवस गाडी हाकून, मोबदला पाहून, कंटाळून निघून गेले, आणि उरलेल्या २० जणांनी सरासरी दीडशे दिवस काम केले. ८० जणांचे दिवस झाले ८००, २० जणांचे ३,०००, एकूण ३,८००. शंभरांनी भागा, उत्तर बरोबर ३८ येते. त्या वीस जणांतील दोघे-तिघे २५० दिवसांच्या पुढे गेले असले तर दुसरा आकडाही जुळतो. मात्र एकूण कामापैकी जवळजवळ चार-पंचमांश काम त्या वीस जणांनीच ओढलेले असते. उदाहरण काल्पनिक आहे, प्रत्यक्षातील विभागणी वेगळी असेल; परंतु ती कशी आहे हे सांगायला कंपनीला एका दुपारचा अवकाश पुरेल, कारण तिच्याजवळ प्रत्येक माणसाचा मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. डोकी मोजून सरासरी काढण्याऐवजी ऑर्डरी मोजून सांगावे: वर्षात पोहोचलेल्या ऑर्डरींपैकी किती ऑर्डरी नियमित राबणाऱ्यांनी पोहोचविल्या? हा प्रश्न कैफियतीत कोठेही येत नाही, आणि तो आला असता तर जोडकमाईचा सिद्धांत कितपत उभा राहिला असता हे सांगता येत नाही.

या सरासरीचे महत्त्व केवळ वादापुरते नाही. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या, त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, निधीला द्यावी असे ठरविले. डिसेंबरअखेर जे मसुदा-नियम प्रसिद्ध झाले त्यांत मात्र लाभाला पात्र होण्यासाठी एका कंपनीकडे वर्षात ९० दिवस, किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम झालेले असावे अशी अट घातलेली आहे. ९० दिवसांची अट आणि ३८ दिवसांची सरासरी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. निधी सर्वांच्या श्रमावर जमणार आणि त्यावर हक्क सांगणारे थोडे निघणार. उरलेल्यांची गणना उलाढालीत होईल, लाभार्थींत होणार नाही. त्यातही मूळ गोम अशी की या संहितेने गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा माणूस अशी करून टाकली आहे, म्हणजे ज्या मुद्द्यावर वाद व्हायचा तो मुद्दा प्रतिवादीच्या पदरात आधीच टाकून मग सुनावणी सुरू केली आहे. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ साली असे कामगार ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या जनसमूहाचे कायद्यातील स्थान एका व्याख्येने ठरून गेले, आणि त्यावर व्हावी तशी चर्चाही झाली नाही.

मोबदल्याविषयी गोयल यांचा आकडा तासाला १०२ रुपये असा आहे, बक्षिसी सोडून. २०२४ साली तो ९२ होता. ऑर्डरीची वाट पाहण्यात गेलेला वेळही यात धरला आहे, हे प्रांजळपणाचे आहे. दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस काम केल्यास सुमारे २६,५०० रुपये होतात, त्यांतून पेट्रोल व दुरुस्तीचा पंचमांश वजा जाता २१,००० हाती राहतात, असा त्यांचाच हिशेब आहे. म्हणजे कंपनीने आपल्या व्यवस्थेचे जे आदर्श उदाहरण म्हणून पुढे केले आहे तो माणूस महिन्याला २६० तास रस्त्यावर आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या ४८ तासांवरील कामाला दुप्पट वेतन ठरवून दिले आणि नव्या संहितांनीही जादा तासांचे ते तत्त्व सोडलेले नाही. दिवसाला आठ तासांच्या हिशेबाने २६ दिवसांचे २०८ तास होतात. वरचे ५२ तास कारखान्यात दुपटीने मोजले गेले असते, येथे ते एकपटीने मोजले जातात, आणि त्या फरकापोटी १०२ रुपयांच्या दराने पाच हजारांवर रुपये दरमहा ज्याच्या खिशात राहतात तो रस्त्यावर नसतो. गाडी त्याची, फोन त्याचा, गाडीचे हप्ते त्याचे, टायर झिजतात ते त्याचे. तापाने चार दिवस अंथरूण धरले तर त्या चार दिवसांची कमाई शून्य. कंपनी अपघाताचा व आजाराचा विमा देते ही गोष्ट खरी आहे आणि तिची नोंद केली पाहिजे. परंतु जो विमा कंपनीच्या मर्जीने दिला जातो तो तिच्या मर्जीने आटूही शकतो. आणि ज्या दिवशी त्या माणसाचा आयडी बंद होतो त्या दिवशी त्याच्यापाशी दाखवायला करारनाम्याखेरीज दुसरा दस्तऐवज नसतो, जो करारनामा कंपनीनेच लिहिलेला असतो.

स्वातंत्र्याचा मुद्दा यानंतर येतो, आणि तो सर्वांत आकर्षक आहे. हवे तेव्हा लॉगिन करा, नको तेव्हा फोन बंद करा. कोणी साहेब नाही, कोणी मुकादम नाही. पुण्यात एखाद्या डार्क स्टोअरच्या, म्हणजे केवळ घरपोच मालासाठी चालणाऱ्या दुकानाच्या, शटरसमोर संध्याकाळी सातच्या सुमारास पाच मिनिटे उभे राहिले म्हणजे या स्वातंत्र्याचे स्वरूप ध्यानात येते. हँडलला अडकविलेल्या फोनवर ऑर्डर उमटते, अंतर आणि रक्कम दिसते, स्वीकारायला मोजके सेकंद असतात. त्याच पडद्यावर इन्सेंटिव्हची पट्टी असते, अमुक वाजेपर्यंत इतक्या ऑर्डरी पुऱ्या झाल्या तर इतके रुपये जादा, एक जरी कमी पडली तर जादाचे काही नाही. सायंकाळची भोजनवेळ चुकविणाऱ्याला ती पट्टी पुरी करता येत नाही. ऑर्डरी नाकारणाऱ्याचे मानांकन उतरते. मानांकन उतरले की चांगले स्लॉट आधी दुसऱ्यांना मिळतात. लक्ष्य दोन ऑर्डरींवर आले की ऑर्डर येणेच थांबते, ही रायडरांची सार्वत्रिक तक्रार आहे. यंत्र हे हेतुपूर्वक करते की रात्री मागणीच मंदावते, याचा निवाडा करण्याचे साधन बाहेरच्या कोणापाशी नाही, कारण वाटपाचे नियम फक्त एका पक्षाला ठाऊक आहेत. रेट कार्ड सोमवारी बदलते आणि ते बदलल्याचे मंगळवारच्या पेआउटवरून कळते. गिरणीतला बदली कामगार रोज पहाटे दारावर उभा राहत असे, आज काम मिळेल की नाही ते जॉबरच्या, म्हणजे माणसे भरणाऱ्या मुकादमाच्या, कृपेवर अवलंबून असे. न येण्याचे स्वातंत्र्य त्यालाही पूर्ण होते.

येण्याजाण्याची मोकळीक असली म्हणजे मालक-नोकर संबंध राहत नाही, हे म्हणणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अर्धशतकापूर्वीच निकालात काढले आहे. धारंगध्राच्या मिठागरांतील अगरिया लोक १९५६ साली न्यायालयासमोर आले. ते मणावर मोबदला घेत, हाताखाली स्वतःची माणसे ठेवीत, कामाचे ठरावीक तास त्यांना नव्हते. तरीही मीठ कसे पिकवावे व कोणते नाकारावे यावर कंपनीची देखरेख आहे हे पाहून न्यायालयाने त्यांना कामगार ठरविले. १९७३ सालच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यातील शिंपी तर नगावर शिवीत, वाटेल तेव्हा येत आणि वाटेल तेव्हा जात, दुसऱ्या दुकानांचेही काम करीत. दुकानदार पुरेसे चांगले न शिवलेले कापड नाकारून पुन्हा शिवायला लावू शकतो एवढ्यावरून नियंत्रण सिद्ध होते, असा निर्णय न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी दिला. त्या शिंप्याला दर मिनिटाला तो कोठे आहे हे दाखवीत फिरावे लागत नव्हते, आणि गिऱ्हाईक त्याला पाचांपैकी तारे देत नव्हते. इंग्लंडमध्ये उबरने हाच युक्तिवाद केला: आम्ही फक्त मध्यस्थ, चालक हे स्वतंत्र व्यावसायिक. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळताना पाहिले ते एवढेच, की भाडे कोण ठरवितो, कराराच्या शर्ती कोण लिहितो, फेरी नाकारणाऱ्याला शासन कोण करतो, कामाचा दर्जा कोण तपासतो आणि चालक व प्रवासी यांना परस्परांशी संबंध ठेवू कोण देत नाही. पाचही प्रश्नांचे उत्तर एकच आले. खालच्या न्यायाधिकरणाने २०१६ साली त्याआधीच, लंडनमध्ये ३०,००० छोटे छोटे उद्योग एका समान व्यासपीठाने जोडलेले आहेत ही कल्पना किंचित हास्यास्पद असल्याचा शेरा मारला होता. आपल्याकडील रायडरला हे पाच प्रश्न लावून पाहण्यास कोणाची हरकत असावी असे वाटत नाही.

दहा मिनिटांविषयी मात्र गोयल यांच्या बाजूने काही बोलले पाहिजे. दुकाने वस्तीच्या दाटीत असल्यामुळे अंतर दोन किलोमीटरच्या आसपास राहते, ते तोडायला सरासरी ताशी १५-१६ किलोमीटरचा वेग पुरतो, आणि रायडरला घड्याळ दाखविले जात नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण अर्थपूर्ण आहे. केंद्रीय श्रममंत्र्यांनी लक्ष घातल्यानंतर ब्लिंकिटने जानेवारीतच दहा मिनिटांची जाहिरात मागे घेतली हेही योग्य झाले. परंतु घाई घड्याळातून उत्पन्न होतच नाही. ती नगावरच्या दरातून आणि रात्री अकराला संपणाऱ्या इन्सेंटिव्हच्या पट्टीतून उत्पन्न होते. घड्याळ काढून पट्टी तशीच ठेवली तर जाहिरातीचा फलक बदलतो, लाल दिव्यापाशी घ्यायचा निर्णय बदलत नाही. आणि येथेही सरासरीच आली: ताशी १५ किलोमीटर या सरासरीत सोसायटीच्या फाटकावर नावनोंदणीसाठी थांबलेली मिनिटे आहेत, आणि ती भरून काढण्यासाठी चुकीच्या बाजूने घातलेली गाडीही आहे.

ग्राहकाची या वादात साक्ष काढली जाते ती कंपनीच्या बाजूने: पाहा, तो किती समाधानी आहे. परंतु रायडरवर जी पद्धत चालते तीच ग्राहकावर चालते, फक्त हळू आवाजात. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरीवर दोन रुपयांचे व्यासपीठ-शुल्क सुरू केले. सप्टेंबर २०२५ पर्यंत ते बारा झाले. या शुल्काबद्दल ग्राहकाला कोणती नवी सेवा मिळाली, हे बिलावर छापलेले नसते. ग्राहकाने दोन रुपयांना संमती दिली होती आणि बारालाही दिलीच, कारण पुढचे बटण दाबल्याशिवाय जेवण येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांचे तेरा प्रकार नियमबद्ध केले, त्यांत टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालणे, खोटी तातडी निर्माण करणे, शेवटच्या पायरीला किंमत चढविणे आणि वर्गणीतून बाहेर पडण्याची वाट बुजविणे हे सारे आहेत. या शेवटच्या विद्येत अमेरिका आपल्या पुष्कळ पुढे आहे. तेथील संघीय व्यापार आयोगाने २०२३ साली ॲमेझॉनवर भरलेल्या दाव्यात म्हटले होते की प्राइमची वर्गणी रद्द करण्याची जी लांबलचक प्रक्रिया कंपनीने रचली तिला कंपनीच्याच लोकांनी होमरच्या महाकाव्यावरून इलियड हे नाव दिले होते. ट्रॉयचा वेढा दहा वर्षे चालला हे तेथील अभियंत्यांना माहीत असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने अडीचशे कोटी डॉलर देऊन तो दावा मिटविला. त्याच आयोगाने २०२१ साली ॲमेझॉनला चालकांच्या बक्षिसीचे ६ कोटी १७ लाख डॉलर परत करायला लावले होते, कारण ग्राहकांनी चालकाला म्हणून दिलेली बक्षिसी कंपनी त्याचा ठरलेला मोबदला भागविण्यासाठी वापरीत होती. ग्राहक आणि कामगार या दोघांनाही एकाच वेळी फसविण्याचा याहून स्वच्छ नमुना सापडणे कठीण. ग्राहकाला वाटत होते आपण औदार्य केले, चालकाला वाटत होते आपल्याला मेहेनताना मिळाला, आणि दोघांच्याही समजुतीमधून एकच रक्कम निसटत होती.

श्रीमंतांच्या मनात जी अस्वस्थता दिसते तिचे कारण गोयल यांच्या मते असे, की पूर्वी गरिबाचे श्रम अदृश्य असत, या धंद्याने ते दाराशी आणून उभे केले, आणि आता ती अपराधी भावना लोकांना सहन होत नाही. चमत्कारिक विचार आहे, पण त्यात तथ्य आहे. ज्या सोसायट्यांनी डिलिव्हरीवाल्यांना मुख्य लिफ्ट बंद केली आणि मालवाहू लिफ्टने चढायला लावले त्यांना ती भावना फार दिवस सतावली असेल असे दिसत नाही. आमच्या शेजारीपाजारी तरी दिसत नाही. परंतु कामगार रस्त्यावर उतरला तो ग्राहकाची अपराधी भावना दूर व्हावी म्हणून नव्हे. त्याने दर मागितला आहे.

उरतो तो शेवटचा धाक: नियम लावाल तर रोजगारच नाहीसा होईल, आणि हीच माणसे असंघटित बाजारात आणखी वाईट स्थितीत जाऊन पडतील. पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला तेव्हाही हाच धाक घालण्यात आला होता, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचा डाव म्हणून त्या कायद्याला विरोध करणाऱ्यांत आपली राष्ट्रीय बाण्याची पत्रेही होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मँचेस्टरचा डाव खरा होता. बालकामगारही खरे होते. मालकांनी जून १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य केली आणि त्यानंतरची कित्येक दशके मुंबईच्या गिरण्या वाढतच गेल्या. अनेक धन्यांचे काम करणाऱ्याला संरक्षण देता येत नाही, हा आक्षेप तर महाराष्ट्रात कोणी घेऊच नये. माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो आणि दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली जो माथाडी कायदा झाला त्याने धनी, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमले, प्रत्येक व्यापाऱ्याला मजुरीबरोबर लेव्ही भरायला लावली, आणि त्या रकमेतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद केली. कागदी खतावण्यांच्या काळात, बाजार समितीच्या धुळीत, मंडळाच्या कारकुनांनी हे हिशेब ठेवले. जी कंपनी एका वडापावाचा मार्ग सेकंदागणिक नोंदविते तिला प्रत्येक ऑर्डरीमागे काही पैसे कामगाराच्या खात्यात वळते करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, हे कोणी गंभीरपणे म्हणू नये. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली व्यवहारागणिक शुल्काचा हाच मार्ग धरला, आणि त्या राज्यांत जेवण घरी येणे बंद झालेले नाही. लेव्हीचा बोजा शेवटी ग्राहकावर पडेल, असे म्हणतात. पडू दे, दोनाचे बारा झाले ते त्याच्यावरच पडले होते, त्या वेळी त्याची कोणी कणव केली नव्हती.

आता त्या पाच हजारांविषयी. दरमहा सुमारे पाच हजार, म्हणजे वर्षाला साठ हजार माणसे कंपनी स्वतः काढते, आणि बहुतेकांचे कारण लबाडी असते असे गोयल यांचे म्हणणे. त्यांत लबाड असतील. ऑर्डर पोहोचल्याची खूण करून ती स्वतः खाणारे, सुटे पैसे नाहीत म्हणून ग्राहकाची रक्कम दाबणारे, असे प्रकार घडतात आणि त्यांची पाठराखण करण्याचे कारण नाही. परंतु लबाडी हा आरोप आहे, आणि आरोप शाबीत व्हावा लागतो. १९४६च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून या देशातील मोठ्या कारखान्यात साच्यावरच्या माणसालादेखील आरोपपत्र मिळते, खुलासा मागविला जातो, चौकशी होते, सहकाऱ्याला सोबत घेऊन त्याला आपली बाजू मांडता येते, आणि बडतर्फी झाली तरी वर दाद मागायला न्यायालय असते. रायडरला एक दिवस सकाळी फोन उघडल्यावर आयडी ब्लॉक झाल्याचा निरोप दिसतो. तो टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन करतो. टीएल म्हणतो, वरून झाले आहे. मदतीच्या चौकटीत तो आपले गाऱ्हाणे टंकतो आणि तिकडून छापील दिलगिरी येते. कोणत्या दिवसाची कोणती ऑर्डर, कोणत्या ग्राहकाची तक्रार, त्या ग्राहकाने याआधी किती वेळा अशीच तक्रार करून पैसे परत घेतले आहेत, हे विचारायला त्याच्यापुढे माणूसच नसतो. कर्नाटकाच्या कायद्याने काढून टाकण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली आहे; युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या निर्देशानुसार खाते बंद करण्याचा निर्णय यंत्रावर सोडता येत नाही, तो माणसाने घ्यावा लागतो. गोयल यांनी महिन्यात किती काढले हे सांगितले. त्या साठ हजारांपैकी किती जणांचे म्हणणे काढण्यापूर्वी ऐकून घेतले, किती जण निर्दोष ठरून परत आले, आणि ज्याने ऐकले तो कोण होता, एवढे त्यांनी आता सांगावे.